पुढची चाकं

बहात्तर साली कलकत्त्याजवळ, बजबजच्या नदीकाठी, चिखलातली जीप शर्यत होती. उतरलेल्यांत लीना एकटीच मुलगी. जीप तिला बाबांनीच शिकवली होती. "रुतलीस की हा छोटा गिअर ओढ. चारही चाकं जोर लावतील," हे त्यांनी तिच्याकडून घोकूनच घेतलं होतं.

ती सगळ्यांच्या पुढे होती, तेवढ्यात जीप रुतली. तिने गिअर ओढला, तरी मागचीच चाकं गरगरत राहिली. लोक हसले. खाली वाकून पाहते तर पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच कुणीतरी काढून घेतलेला.

दोर घेऊन धावत आलेल्या बाबांना तिने विचारलं, "सकाळी गाडी तुम्हीच तपासलीत ना?"

बाबांनी मान खाली घातली.



"मुलाकडचे आलेत गर्दीत, बाळ. जिंकणारी सून नकोय त्यांना."