टायर बदलले की जाऊ
ज्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बायको गेल्याचं सांगितलं, त्या दिवशीही गाडीचे टायर गुळगुळीतच होते. घाटापलीकडे अंथरुणाला खिळलेल्या आपल्या थोरल्या बहिणीला भेटायचं, एवढाच तिचा हट्ट होता. “टायर बदलले की जाऊ,” तो दरवेळी म्हणायचा. आज टायरवाल्याने चाकावरून हात फिरवला. “काका, टायर कसले, आरसे झालेत! यात बघून दाढी करा.” त्याने दोन टायर पुढे ढकलले. “हा स्वस्त, पण फक्त उन्हाळ्याचा. हा ऑल-सीझन, पावसापाण्यातही घाटात घसरणार नाही. जाणार कोण कोण?” “आम्ही दोघं,” तो सवयीने बोलून गेला. “मग काकूंसाठी तरी चांगले घ्या.” त्याने ऑल-सीझनकडे बोट दाखवलं. नवे टायर चढले. बायको गेल्याचं त्या थोरल्या मेहुणीला फोनवर सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती. म्हणूनच तो आज तिच्याकडे निघाला होता. किल्ली लावून तो बसून राहिला. थोरलीला सांगायचं अजून राहिलंच होतं.