किस्से हलवताना

फाइलींची यादी बघायला जावयाने ls लिहून एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर एकच नाव उरलं होतं, kisse.

सासरे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. कोण कुठल्या मजल्यावर अडकलं, आत कोंडलेल्या नवरा-बायकोचं भांडण दार उघडेपर्यंत कसं मिटलं, असे त्यांचे किस्से जेवताना रोज रंगायचे. त्यांच्या लेकीने, म्हणजे जावयाच्या बायकोने, हौसेने ते सगळे रेकॉर्ड केले, कॉम्प्युटरवर घेतले आणि फोनमधून पुसून टाकले. ती प्रोग्रॅमर. जावई शाळेत चित्रकला शिकवतो. तिच्याकडून चार कमांड काय शिकला, त्याला शिंगं फुटली. ती बाहेर गेलेली बघून तो सगळे किस्से kisse नावाच्या फोल्डरमध्ये हलवायला बसला.

घाई नको म्हणून त्याने एकेक फाइल mv करून हलवली. फक्त mkdir लिहून ते फोल्डर आधी तयार करायचं, तेवढंच राहून गेलं. फोल्डरच नाही म्हटल्यावर mv ने फाइल हलवण्याऐवजी तिचं नाव बदललं आणि पहिल्या फाइललाच kisse हे नाव मिळालं. दुसरीने ते नाव घेताना पहिलीला पुसलं, तिसरीने दुसरीला. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. शेवटचा किस्सा तेवढा वाचला, बाकी सगळ्यांवर जावयाने स्वतःच्या हाताने पाणी फिरवलं होतं.

बायको काय म्हणेल ही धास्ती होतीच. पण जास्त वाईट वाटलं ते सासऱ्यांचं. हल्ली ते फार गप्प झाले होते. जेवताना काही सांगायला लागले की कुणीतरी म्हणायचं, "बाबा, हा किस्सा रेकॉर्ड केलेला आहे आपल्याकडे." मग ते मान डोलावून पुढचा घास घ्यायचे. आता त्यांचा आवाजही आपण घालवला, या विचाराने जावई पार खचला.

संध्याकाळी त्याने खाली मान घालून दोघांना सगळं सांगून टाकलं. बायकोने आधी कॉम्प्युटर उघडून बघितलं, खरंच एकच किस्सा उरला होता. मग फोन काढून ती म्हणाली, आजपासून पुन्हा रेकॉर्ड करू.

सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

"सांगतो की," ते लेकीला म्हणाले, "पण तो फोन आधी आत ठेवून ये."