दांताला हाकलायचे शब्द

दार उघडून अख्खी सकाळ उलटली, तरी दांता पिंजऱ्याबाहेर पाऊल टाकेना.

दांता म्हणजे टॅपिर. अंग डुकराचं, आणि हत्तीच्या सोंडेचं टोक कापून चिकटवल्यासारखं नाक. आई शिकाऱ्यांनी मारली, तेव्हा ही कलिंगडासारखं पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू होती. जनावरांच्या आश्रमात ओतिलियाबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पण एका शब्दाविना. नियमच तसा होता. माणसाच्या आवाजाची सवय लागलेली दांता शिकाऱ्याच्या हाकेलाही धावत जाते, आणि संध्याकाळी त्याच्या पातेल्यात शिजते.

ओतिलियाला हे काम दिलं, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. ती बोलायला लागली की पोपट लाजून पलीकडच्या डोंगरावर जातात, अशी तिची ख्याती!

"दोन्या ओतिलिया, तुम्ही आणि गप्प?" आश्रमाचा डॉक्टर रोखेलियो म्हणाला होता. दोन्या म्हणजे तिकडचं 'बाई'. "तुम्ही झापलंत म्हणून नदी उलटी वाहिली म्हणे!"

"उलटी नाही रे मेल्या. नुसती थांबली."

आणि मग ती खरंच गप्प झाली. तसंही घरी बोलायला होतं कोण? नवरा गेला. पोरं दूर राजधानीत, सान होसेला. तिची बोरुका बोली समजणारं त्या खोऱ्यात कुणी उरलंच नव्हतं. ती दांताचं पोट खाजवायची. दांता धपकन आडवी व्हायची आणि पाखरासारखी शीळ घालायची. ओतिलिया ओठ चावून बसायची.

आज आश्रमातली पुरुषमंडळी ओढ्यापलीकडे झावळ्यांआड लपली होती. पाऊसकाळ तोंडावर आला होता. "आज गेली नाही, तर जन्मभर पिंजराच," रोखेलियोनं बजावलं होतं. आता त्यानं टोपी हलवून खूण केली. हाकला तिला!

ओतिलियानं दोन्ही हात वर केले. नुसते हातच हलवायचे होते. पण तोंड उघडलं, आणि आतून बोरुका बाहेर पडली, घसा फाडून. ओढ्यावरचे बगळे उडाले. डोंगरानं दोनदा तेच ओरडून दाखवलं.

दांता थिजली. हात ओळखीचे, आवाज भलताच! तिनं एकच बारीक शीळ घातली, पाठ फिरवली आणि झाडोरा मोडत चढावर पळाली. फांद्यांचा आवाज विरेपर्यंत ओतिलियाचे हात वरच होते.

ओढ्यातून पाणी उडवत सगळे नाचत आले.

"काय जबरी शिव्या हो, दोन्या! म्हणालात तरी काय?"

ओतिलियानं एप्रनला तोंड पुसलं. "असल्यांचा अर्थ बायका पुरुषांना सांगत नसतात."

"मग नुसत्या शिकवा तरी!"

तिनं शिकवल्या. चुकलं की पुन्हा म्हणायला लावलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या बोलीत तिच्याशी बोलत होतं, भले त्यांना कळत नसेना का.

तेव्हापासून तिथे कुठल्याही जनावराला रानात सोडायचं असलं, की आधी पिंजऱ्याचं दार उघडतात, मग सगळी मंडळी हात उंचावून, डोळे वटारून, बोरुकात एकसुरात ओरडतात, "जाऊ नकोस गं, मला दुसरं कुणी नाही!"