आवाज नको

लोखंडी पाना मॅडमच्या खांद्यावर बसला. मॅडम मटकन पायरीवर बसल्या, पण तोंडातून त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही. वर उभी असलेली, मॅडमच्या रविवारच्या वर्गातली धाकटी मात्र किंचाळायला निघाली होती. गणिताच्या बाईंनी तिच्या तोंडावर पंजा दाबला आणि डोळ्यांनीच दटावलं.

आवाज नको, कारण पाठीमागच्या बंद दाराआड नर्स परीक्षेला बसली होती. परीक्षा संगणकावर होती. समोर कॅमेरा, शेजारी माईक आणि कुठल्या तरी दूरच्या शहरातून कान लावून बसलेला पर्यवेक्षक. दुसऱ्या कुणा माणसाचा आवाज खोलीत आला की परीक्षा तिथल्या तिथे रद्द. ठोकाठोकी चालली असती. इमारतीत दुरुस्ती सुरू आहे, असं नर्सनं आधीच सांगून ठेवलं होतं. पास झाली, तर मॅडमच्या बँकेत नोकरी. संगणकांवर हल्ले करणाऱ्यांना अडवायचं काम, आणि राहायला स्वतःची खोली. नाही झाली, तर पुन्हा तेच घर आणि तोच नवरा.

तोच नवरा आता पाना घेऊन जिन्यात उभा होता.

बायको दर रविवारी शिकायला जाते म्हणजे नक्की कुठं तरी तोंड काळं करायला जाते, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आज तो माग काढत आला होता. दाराकडे बघून तो हाक मारायला तोंड उघडणार, एवढ्यात पार्लरवालीनं खालून त्याचे पाय खेचले. तो तोंडघशी पडला. मॅडमनी गळ्यातला स्कार्फ काढून त्याच्या तोंडात कोंबला.

पुढं जी मारामारी झाली, तशी धाकटीनं सिनेमातही पाहिली नव्हती. सिनेमात निदान माणसं ओरडतात. इथं पाना गणिताच्या बाईंच्या जबड्यावर बसला, तेव्हा बाईंनी दात तळहातावर थुंकला, खिशात टाकला आणि पुन्हा त्याचं मनगट धरलं. पार्लरवालीचं बोट उलटं वळलं आणि कटकन मोडलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ओठ मात्र शिवल्यासारखे बंद राहिले. मॅडम त्याचं मनगट पायरीच्या कडेवर आपटत होत्या. एकदा, दोनदा, पाना सुटेपर्यंत. एक लाथ धाकटीच्या पोटात बसली. तिनं स्वतःची बाही दातांत धरली, तरी घशातून बारीक चीं निघालीच. तिला स्वतःची लाज वाटली.

या बायका तिला देवासारख्या होत्या. मॅडमचा फोन आला की बँकेतले भलेभले साहेब खुर्चीत ताठ बसायचे. त्याच मॅडमनी इथं एकेकीला हाताला धरून शिकवलं होतं. इस्पितळाचे संगणक खंडणीखोरांनी बंद पाडले, त्या दिवशी नर्स रडत त्यांच्याकडे आली होती. त्यांनी तिला डोळे पुसायला लावून शेजारी बसवलं आणि असे हल्ले कसे अडवायचे ते शिकवायला घेतलं. पार्लरवालीला मुलाखतीत मान वर करून बोलायला शिकवलं. धाकटी सगळ्यांत नवी. आपण यायच्या आधीच्या एखाद्या रविवारी हेही शिकवून झालं असणार, असं तिला वाटलं. हाड मोडलं तरी हूं की चूं करायचं नाही, याचाही सराव असणार.

शेवटी कडी वाजली. दार उघडून नर्स बाहेर आली.

"पास," ती म्हणाली, आणि मग तिला जिना दिसला.

ती पण ओरडली नाही. खाली उतरली, गणिताच्या बाईंची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि जखम पाहू लागली. तिघी नवऱ्यावर बसल्या होत्या, पण आता त्या पार थकल्या होत्या. त्यानं तोंडातला स्कार्फ उपसला. त्याचा चांगला हात पायरीवर पडलेल्या पान्याकडे सरकत होता, आणि त्याचे डोळे नर्सवरून हटत नव्हते. खालच्या मजल्यांवरची दारं बंद होती. आतून टीव्हीचे आवाज येत होते. दोन-तीन माणसं धावून आली नाहीत, तर हा तिला जिवंत सोडणार नाही, हे धाकटीला स्पष्ट दिसलं. पण बाकी चौघी अजूनही गप्पच.

"मॅडम, परीक्षा संपली! आता तरी ओरडा ना कुणीतरी!" ती कुजबुजली. "इतकं गप्प राहायला कधी शिकवलंत यांना?"

मॅडमनी बाकीच्या तिघींकडे पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही.

"हे मी नाही शिकवलं गं," मॅडम म्हणाल्या. "मार खाताना आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे आम्ही सगळ्याजणी आपापल्या घरून शिकून आलोय. मीसुद्धा. आता ओरडायचं म्हटलं तरी गळ्यातून निघत नाही. तुला अजून येतंय ना? मग ओरड, बाई. आमच्या सगळ्यांच्या वाटचं ओरड."