खड्ड्यांच्या रस्त्याने

मंडीदीपच्या कारखान्यात नव्या गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी यंत्रणा, इंजिनीअर योगिनीनेच घडवली होती. रस्ता बघून शॉकअब्सॉर्बर क्षणात कडक नाहीतर मऊ व्हायचा. हायवेवर तर पोटातलं पाणी हलत नसे. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर अर्ध्या तासात त्यातलं तेल तापून पातळ व्हायचं, आणि वळणावर चाक जमीन सोडायचं. तिने चार वेळा चाचणी घेतली. चारही वेळा तेच झालं.

“रिपोर्टमध्ये फक्त हायवेचे आकडे लिही आणि सही करून टाक,” कारखान्याचे मॅनेजर शितोळे साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले. “पुढच्या महिन्यात गाडी बाजारात येतेय. सही करायची नसेल, तर उद्यापासून येऊ नकोस.”

“करते की सही!” योगिनी उठून उभी राहिली. “फक्त आधी तुम्ही माझ्या शेजारी बसा, साहेब. खड्ड्यांच्या रस्त्याने जवाहर चौकापर्यंत जाऊन येऊ. गाडी मी चालवते.”

“त्या गाडीत?” साहेबांच्या तोंडून निघूनच गेलं. “मरायचंय का मला?”





योगिनी शांतपणे खाली बसली. साहेबांचं ते वाक्य तिने रिपोर्टमधल्या शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं, आणि खाली ठसठशीत सही केली.