ब्लॅकबर्डला तोफ नसते

"आता सांग, जमिनीवर उभं असताना ह्याच्या टाक्यांतून तेल का गळायचं?" शैलेंद्रने अंकुरला विचारलं.

वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाजवळचं विमानांचं म्युझियम उघडल्यापासून शेजारच्या अ‍ॅशबर्नमध्ये नवं मराठी जोडपं आलं, की शैलेंद्र त्याला रविवारी सकाळी इथे आणायचाच. ते काळंकुळकुळीत ब्लॅकबर्ड हेरविमान म्हणजे त्याचं दैवत, आणि हा प्रश्न म्हणजे त्याच्या प्रवचनाचा कळस.

अंकुर वाकून विमानाच्या पोटाखाली बघू लागला.

"पत्र्याच्या सांध्यांत मुद्दाम फटी ठेवल्यात," शैलेंद्रची बायको रेणू म्हणाली. "वेगात तापून पत्रा फुगला, की बुजतात."

नवऱ्याच्या तोंडचा घास तिने पळवला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"वा! बायको तयार झाली की!" शैलेंद्र हसला. मागच्या वेळी तो असा हसला, त्या दिवशी रेणूचं मनगट मोडलं होतं.

"पण ह्याच्या गन्स कुठेत?" अंकुरच्या बायकोने, देवयानीने विचारलं.

"एकही नाही. फक्त कॅमेरे! शत्रूने मिसाइल सोडलं, तर हा स्पीड वाढवून निसटायचा. अगं, नुसतं बघितलं तरी पुरतं."

"किती हौशी आहेत गं तुझे मिस्टर," देवयानी कुजबुजली. सगळे हेच म्हणायचे. रेणूला किंचाळावंसं वाटलं.

तिचा व्हिसा त्याच्या नोकरीच्या जिवावर, पासपोर्ट त्याच्या कुलपात. जगात त्याला धाक एकाच माणसाचा, नागपूरच्या आईचा. दिवाळीत रेणूने धीर करून सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं होतं. "माझा शैलू मुंगी मारत नाही," त्या फटकन म्हणाल्या होत्या. "डोळ्यांनी बघेन, तेव्हा मानेन."

परतताना गाडीत तो शीळ घालत होता. "आईला सांगितलंस ना, आजचं वेबकॅमवरचं बोलणं कॅन्सल म्हणून?"

"बोलले त्यांच्याशी."

घरात शिरताच त्याने दाराला कडी घातली. हॉलमध्ये, कॉम्प्युटरच्या वरच्या फळीवर, त्याने स्वतः जोडलेलं हातभर लांबीचं ब्लॅकबर्ड होतं. त्याला कुणी बोट लावायचं नाही, हा घरचा कायदा. आज त्याचं नाक जरा वळलं होतं.

"मॉडेलला हात लावलास?"

पहिल्या थपडेला तिचा ओठ फाटला. एरवी ती स्वयंपाकघरात पळायची. आज हॉलच्या मधोमध उभी राहिली. सकाळी कॉम्प्युटरपाशी विसरलेलं काहीतरी तिने आत येताच मुठीत दडवलं होतं.

"चारचौघांत माझी लाज काढतेस?" त्याने पट्टा ओढून काढला. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा मानेवर. बक्कल कानामागे लागलं, कुडत्यावर रक्त ओघळलं. ती गुडघ्यांवर कोसळली, पण जागची हलली नाही.

त्याने तिची मूठ पिरगळून उघडली. बारीक स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"मला भोसकणार होतीस? तू?" त्याने डाव्या हाताने तिचा गळा आवळला, उजवा उगारला. "आज जिवंत सोडत नाही तुला!"

मग त्याची नजर खाली पडलेल्या स्क्रूड्रायव्हरवर गेली. मॉडेलच्या पोटाचं झाकण उघडायचा होता तो. त्याने मान वर केली. ब्लॅकबर्डच्या पोटातून वेबकॅमची वायर कॉम्प्युटरपर्यंत आली होती. मॉनिटर बंद होता. स्पीकर खरखरला.

"शैलू," आई म्हणाली, "तो पट्टा आधी खाली ठेव."