भावाच्या मेंढ्या

"घट्ट धर हिला," ताई म्हणाली. धाकट्या भावाने मेंढीची मान गुडघ्यांत पकडली. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाल दिसायला हवं होतं. दिसलं ते धुतलेल्या फडक्यासारखं पांढरं. जबड्याखालीही पाणी साचून लोंबत होतं.

ही म्हातारी मेंढी ताईने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. गोठ्यातली निम्मी कोकरं तिच्या नाहीतर तिच्या लेकींच्या पोटची. त्यातली दोन कालपासून कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली होती.

"जंतांनी रक्त शोषलंय हिचं. जंतांचं औषध पाजलं होतं ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी स्वतः पाजलंय. एकेकीचं वजन करून. थेंब सांडू दिला नाही." कामात चूक काढलेली ताईला अजिबात खपत नसे.

"तुमचं काही चुकलं नाही. औषधानंतरच्या लेंड्या तपासल्या मी. जंतांची अंडी होती तेवढीच आहेत. हे जंत आता या औषधाला दाद देत नाहीत."

"असं कसं? याच औषधाने तर आजवर टुणटुणीत व्हायच्या की!"

"म्हणून तर विचारते. बाहेरच्या मेंढ्या चरल्या होत्या का इथे?"

"बाहेरच्या कुठल्या? याच्याच होत्या. कुंपणाचं काम निघालं होतं ना याच्या." ताईला हसू आलं. "आमचे हे म्हणालेसुद्धा, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मीच गप्प केलं त्यांना. पाठीला पाठ लावून आलेला भाऊ, त्याला नाही म्हणायचं का?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या भावाकडे वळल्या. "तुम्हाला मी बजावलं होतं. तुमच्या कळपाला औषध लागू पडत नाही, कुरण मोकळं ठेवा, मेंढ्या गोठ्यात बांधून चारा घाला. दुसऱ्याच्या गवतात घालू नका, म्हटलं होतं. आता त्यांच्या लेंड्यांतून तेच जंत या सगळ्या गवतात उतरलेत."

भावाने मेंढीच्या लोकरीत बोटं खुपसली.

ताईला त्याचं कुंपण आठवलं. परवाच ती तिकडून आली होती. तीच गंजकी तार, फाटकापाशी तशीच वाकलेली. पलीकडे गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. भावाचं कुरण छान आलंय म्हणून तिला तेव्हा बरंच वाटलं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"एवढ्या तोंडांना बांधून घालायला चारा कुठून आणणार होतो, ताई?" तो मान वर न करता म्हणाला. "मला वाटलं, तुझं कुरण मोठं आहे. तुला सोसेल."

परक्या कुणी हे केलं असतं तर ताईने त्याला शिव्यांची लाखोली वाहिली असती. सख्ख्या भावासाठी तिला एक शिवी सुचेना.

"सोड तिला," ती म्हणाली.

त्याने गुडघे सैल केले. म्हातारी मेंढी अडखळत दाराबाहेर गेली आणि समोरच्या हिरव्यागार गवतात तोंड घालून चरू लागली.